डब्यातल्या मेंढ्यांचा तपास

युसूफ वडगाव, ता. केज
दसरा होऊन गेल्यावरचा कुठला तरी बुधवार

ती. सौ. सत्यशीला अक्काच्या पायी धाकट्या शिवशंकरचा नमस्कार. दाजींना पण सांग, आणि त्यांचा गुडघा आता वाकतो की नाही ते कळव. लिंबागणेशला यंदा पाऊस उघडलाच नाही असं ऐकलं. कापूस हाती आला का, गाय व्याली का, व्याली असेल तर कालवड झाली की गोऱ्हा, हे सगळं सविस्तर कळव. इकडे सगळे खुशाल. मनकर्णा खुशाल, पोरं खुशाल, बैल खुशाल. मी पण खुशाल, म्हणजे जेवण जातं आणि झोप लागते. फक्त पोलिसांच्या कागदावर माझ्या नावापुढे 'संशयित आरोपी' असं लिहिलेलं आहे. घाबरू नकोस, मी काय केलंय ते अजून पोलिसांनाही नीट कळलेलं नाही. हे सगळं फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू दर वाक्याला "म्हणजे?" म्हणून विचारतेस, आणि या प्रकरणात 'म्हणजे काय' हेच मला येत नाही. कागद बरा, तो मधे बोलत नाही.

तर सुरुवात तुझ्या प्रविणपासून करतो. (त्याचा यात काहीही दोष नाही, हे मी जमादारांनाही सांगितलं.) लग्न ठरल्यावर त्यानं पुण्याची खोली आवरली, तेव्हा त्याचा तो गेम खेळायचा काळा डबा मला दिला. 'मामा, टीव्हीला जोडा आणि खेळा, करमणूक होईल.' त्या डब्याला दोन मुठी असलेला एक रिमोट आहे, आणि कानाला लावायचं एक यंत्र आहे, त्यातून तोंडापुढे काडी येते. आत बंदुका-मारामाऱ्यांचे बरेच गेम होते, ते मला काही जमले नाहीत, माझा माणूस पहिल्याच वळणाला मरायचा. पण एक गेम शेतीचा निघाला. अक्का, काय सांगू तुला! रान आहे, ट्रॅक्टर आहे, पेरणी, फवारणी, काढणी सगळं आहे. आणि पाऊस आधी सांगून येतो. रानडुक्कर नाही, विजेचा डीपी जळत नाही, मजूर ऐन वेळी लग्नाला जात नाहीत. संध्याकाळी शेतातून आलो की हातपाय धुऊन मी पुन्हा शेतातच जायचो. मनकर्णा म्हणायची, खऱ्या रानातनं येऊन खोट्या रानात जाता, मग घरात कधी येता? मी तिला उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळी पेरणी चालू होती.

आता मेंढ्यांचं सांगतो. श्रावणाच्या सुमारास एक दिवस डबा लावला, तर माझ्या त्या रानाच्या कडेला एक वाडा बांधलेला आणि त्यात मेंढ्यांचा कळप. मी मेंढ्या घेतल्या नव्हत्या. वाडाही बांधला नव्हता. मला वाटलं, गेमवाल्यांनी भेट दिल्या असतील, जशी तेलाच्या डब्यावर बरणी देतात. काही दिवस राहू दिल्या. मग त्या वाढायला लागल्या. त्यांना वैरण पाहिजे, पाणी पाहिजे, आणि मला तर सोयाबीनला जागा पुरेना. शेवटी घटस्थापनेच्या आसपास मी सगळा कळप विकून टाकला आणि त्या जागेवर हार्वेस्टर उभा केला. एवढंच मी केलं. यापेक्षा जास्त मी काहीही केलेलं नाही, आणि पोलिसांच्या मते हेच पुरेसं आहे.

दादाचं आणि माझं वाटणीपासून बोलणं नाही, हे तुला मी काय सांगावं. बांध दादानं कोरला की मी कोरला, यावर गावाचंही एकमत नाही. गेल्या भाऊबीजेला आधी कुणाच्या घरी ओवाळायचं यावरून आम्ही दोघांनी तुला रस्त्यात उभं केलं, तेव्हा तू ओवाळणीचं ताट पिशवीत घातलंस आणि आल्या गाडीनं परत गेलीस. दोघं एका घरात बसलेले दिसल्याशिवाय या गावात पाय ठेवणार नाही म्हणालीस. अक्का, मला ते फार लागलं. ती दिवाळी मला गोड गेली नाही. आणि आता पुन्हा दिवाळी तोंडावर आली आहे, आणि आमचं एका घरात बसणं तर सोड, दादानं माझ्यावर गुन्हा दाखल केला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हनुमान जमादार दारात. सोबत पंच म्हणून तात्याबा, आणि धनगरवाड्यावरचा सटवा. (पंच म्हणजे पोलीस काय काय उचलतात ते बघून सही करणारी माणसं. तात्याबाला या कामाची इतकी हौस आहे की जमादार दिसले की तो स्वतःच चष्मा घालून येतो.) जमादार म्हणाले, मोहनराव चेअरमन यांची तक्रार आहे की तुम्ही त्यांच्या मेंढ्यांचा कळप परस्पर विकला. मी म्हणालो, दादानं मेंढ्या कधी पाळल्या? जमादार म्हणाले, ते आम्हाला माहीत नाही, पण मेंढ्या तुमच्या घरात होत्या असं त्यांनी लिहून दिलंय. अक्का, माझं घर तू बघितलंयस. दोन खोल्या आणि पुढं पत्रा. तरी त्यांनी झडती घेतली. पलंगाखाली बघितलं, न्हाणीत बघितलं, सटवानं कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन वास घेतला आणि बाहेर येऊन सांगितलं, "सायेब, हितं मेंढी आलीच न्हाई. लेंडी न्हाई, वास न्हाई. मेंढी काय मांजर हाय का, गपचिप ऱ्हायला?"

इथे मी गप्प बसलो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. जमादारांनी सहज विचारलं की तुम्ही एवढ्यात कुठल्याच मेंढ्या विकल्या नाहीत ना, आणि मी खरं सांगितलं की विकल्या, पण त्या या डब्यातल्या होत्या. जमादारांनी डब्याकडे बघितलं. तात्याबानं चष्मा पुसून डब्याकडे बघितलं. सटवा कितीतरी वेळ डब्याच्या जाळीला नाक लावून बसला होता. मग मी त्यांना गेम समजावून सांगायला लागलो, आणि जितकं समजावलं तितका मी गुंतत गेलो. मेंढ्या होत्या का? होत्या. तुमच्या होत्या का? नाही. विकल्या का? विकल्या. जमादार म्हणाले, हे तर कबुली दिल्यासारखंच झालं. त्यांनी डबा एका पिशवीत घातला, लाख लावून सील केला, वर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मनकर्णाची पण घेतली, आणि सही करण्याआधी तिनं दोनदा पेन खाली ठेवलं. मला वाटलं, बिचारी घाबरली.

मग दादाला ठाण्यात बोलावलं. डबा टेबलावर बघून त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं, खोटी तक्रार उघडी पडली म्हणून घाबरला. जमादारांनी विचारलं, चेअरमन साहेब, तुमच्या मेंढ्या याच डब्यातल्या का? दादानं टोपी काढली आणि परत घातली. नाही म्हणावं तर खोट्या तक्रारीचा गुन्हा, आणि हो म्हणावं तर... तेव्हा मला कळलं नव्हतं की हो म्हणायला त्याला काय अडचण आहे. दादा आपला 'तपास करा, सगळं निघंल' एवढंच म्हणून उठून गेला. जमादारांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुन्हा नोंदवून बसलो बे मी. चेअरमन बोलले म्हणून घाईनं घेतला. आता तपास केल्याबिगर तो फाडता बी येत न्हाई." म्हणून तो डबा तपासायला पाठवला.

हा तपास कसा करतात ते मला सगळं समजावून सांगण्यात आलं, आणि त्यातलं मला जेवढं कळलं तेवढं तुला सांगतो. प्रियदर्शनी मॅडम म्हणून एक तपासनीस आहेत, तुझ्या धनश्रीच्या वयाच्या असतील, पण डोळ्यावर चष्मा आणि बोलणं एकदम मोजकं. त्यांनी आम्हाला सगळ्यांना बीडला बोलावलं, दोन्ही पंचांसकट. मला वाटलं होतं, डबा टीव्हीला लावतील आणि बघतील. तर त्या म्हणाल्या, असा डबा नुसता चालू केला तरी आतलं बदलतं, तारखा बदलतात, पुरावा बिघडतो. म्हणून त्यांनी तो उघडून आतली डिस्क काढली, ती एका अशा यंत्राला लावली की ज्यातून फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही, आणि तिची हुबेहूब नक्कल केली. आता तपास सगळा नकलेवर, मूळ डिस्क बंद पाकिटात. मूळ आणि नक्कल एकच आहे हे दाखवायला त्या दोन्हींचा एक लांबलचक आकडा काढतात, तो जुळला की झालं, एखाद्याच्या अंगठ्यासारखा. इथपर्यंत मी मान हलवत होतो. मग तात्याबानं विचारलं, म्हणजे आता रान दोन झालं का, एक मूळ आणि एक नकलेतलं? आणि दादानं सोबत आणलेले वकील लगेच वहीत काहीतरी लिहायला लागले. मॅडमनी दोघांना गप्प बसवलं.

(एक राहिलं. डबा उघडल्यावर आत लाल भुकटी, पिवळी भुकटी आणि वाळलेली पाकळी सापडली. मॅडमनी त्याचे फोटो काढले, चिमट्यानं वेगवेगळ्या पुड्यांत भरलं आणि आम्हाला गंभीर चेहऱ्यानं विचारलं, हे काय आहे? मनकर्णानं खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांबरोबर डब्याची पण पूजा केली होती. हळद-कुंकू जाळीतून आत गेलं. मी म्हणालो, मॅडम, तो आमच्या घरातला शेतीच्या कामाचा जिन्नस आहे. त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.)

पुढचं माझ्या डोक्यावरून गेलं, तरी सांगतो. माझ्या गेममध्ये मेंढ्या आता नाहीत, विकल्या गेल्या. पण डिस्कवर गेमची जुनी साठवण पण शिल्लक आहे, आणि ती उघडली तर त्यात मेंढ्या आहेत, आरामात चरतायत. जमादारांनी विचारलं, मग मेंढ्या गेल्या का हायेत? मॅडम म्हणाल्या, दोन्ही. जमादारांनी डोक्याला हात लावला. मी विचारलं, मग मी चोर आहे की नाही? मॅडम म्हणाल्या, ते ठरवणं माझं काम नाही, मी फक्त काय सापडलं ते सांगते. आणि त्यांनी सांगितलं की त्या मेंढ्या रोज दुपारी कुणीतरी पाळत होतं, म्हणजे मी खऱ्या शेतात असायचो तेव्हा. आणि त्या डब्याला एक सवय आहे. रिमोटवरचं एक बटण चुकून दाबलं की समोर जे चाललंय त्याची फीत आपोआप साठवली जाते, कानाच्या त्या यंत्रातून आलेल्या आवाजासकट. जागा भरली की डबा जुन्या फिती पुसतो. पण पुसलेलं सगळंच जात नाही, ते परत काढता येतं. जो कुणी दुपारी खेळत होता, त्याचा अंगठा त्या बटणावर बऱ्याचदा पडला होता.

मग त्यांनी एक फीत लावली. पडद्यावर माझं रान, माझा वाडा, आणि मेंढ्या. आणि त्यावर आवाज, "हर्रर्र... ए चांदे, हिकडं. ए सत्यशीले, तू कावून पुढं पुढं पळायलीस? थांब की जरा, बारकी मागं ऱ्हायली." (रागावू नकोस, अक्का. कळपात सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या मेंढीला त्यानं तुझं नाव ठेवलं होतं.) आणि मग मागून दुसरा आवाज, तो तर मी झोपेतसुद्धा ओळखीन. "भाऊजी, च्या ठिवलाय. घ्या पटकन, ते येतेल आता रानातनं."

मॅडमनी विचारलं, हा आवाज कोणाचा? तात्याबा पंच म्हणून खरं बोलायला बांधलेला, तो म्हणाला, "चेरमन सायबाचा. अन् दुसरा ह्येच्या घरवालीचा." दादा खाली बघत होता. मला राग यायला हवा होता, अक्का. माझ्या मागं माझ्या घरात येऊन, माझ्या बायकोच्या हातचा चहा पिऊन, माझ्या रानात मेंढ्या पाळून, वर माझ्यावरच गुन्हा. पण तो 'हर्रर्र' ऐकला आणि मला लहानपणी आपण शेळ्या घेऊन टेकडीवर जायचो ते आठवलं, दादा असाच ओरडायचा. माझे डोळे भरून आले. मी ते पुसले तर जमादार म्हणाले, आरोपीला पश्चात्ताप झाला का? मला काय झालं होतं ते मलाच कळत नव्हतं.

जमादारांची अवस्था माझ्यापेक्षा वाईट. फिर्यादी रोज आरोपीच्या घरी चहाला, आरोपीची बायको फिर्यादीची साथीदार, चोरीचा माल गेलाही आणि आहेही. ते म्हणाले, "तुमच्या घरात कुणाला धरू अन् कुणाला सोडू, मला तर कायच कळंना." शेवटी दादानं तक्रार मागे घेतो असं लिहून दिलं आणि आम्ही सगळे एकाच एसटीनं परत आलो. मी पुढं, दादा मागं, मधे तात्याबा, तो सगळ्या गाडीला साद्यंत सांगत आला. घरी आल्यावर मी मनकर्णाला विचारलं की हे काय? ती म्हणाली, तुम्ही बोलत नाही म्हणून मी पण बोलायचं नाही का? आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. (म्हणून वर तारीख घालता आली नाही, पंचांग तिच्याकडे आहे.)

आता सगळं मिटलं म्हणायचं, पण मला काही सुधरत नाही. दादा रोज ठाण्यात जातो आणि जमादारांना विचारतो की डबा बंद आहे तर मेंढ्यांना पाणी कोण पाजतं? मॅडमनी त्याला सांगितलं होतं की डबा बंद असला की आत वेळच पुढे सरकत नाही, मेंढ्या जिथल्या तिथं आहेत. त्याला ते पटत नाही. काल संध्याकाळी तर तो माझ्या घरीच आला. चप्पल काढली, आत येऊन बसला. मी पण बसलो. मनकर्णानं चहा दिला. तो प्याला. टीव्हीखालच्या डब्याच्या रिकाम्या जागेकडे बघत बसला. मी पण बघत बसलो. मग तो उठला, 'येतो' म्हणाला आणि गेला. कशाला आला होता ते मला कळलं नाही. माफी मागायला म्हणावं तर मागितली नाही, भांडायला म्हणावं तर भांडला नाही. तुला काही कळलं तर कळव.

बाकी काही विशेष नाही. तुझ्याकडून काही नको, तू नुसती खुशाल राहा. पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
शिवशंकर

ता. क. : एक लहानसं काम होतं. डबा परत द्यायला पोलीस तयार आहेत, पण ज्याच्या नावाची पावती त्यालाच मिळणार. पावती प्रविणच्या नावाची आहे. त्यानं फोनवर सांगितलं की त्याची पुण्याची पेटी तुझ्या माळ्यावर आहे, पावती त्यात असेल. ती घेऊन तू स्वतः यावंस, कारण प्रविणला रजा नाही आणि नुसता फोटो ठाण्यात चालत नाही. भाऊबीजेच्या आधी आलीस तर बरं. म्हणजे आम्ही त्यासाठी बोलावतोय असं समजू नकोस.

ता. क. दुसरा : पाकिटाला डिंक लागत नाही, म्हणून पत्र तसंच बंद न करता दादाकडे देतोय, तो उद्या केजला चाललाय, तिथं पोस्टात टाकील. वाचणार नाही म्हणालाय.

ता. क. तिसरा, मोहनरावचा : सत्यशीले, मी वाचलं. शिवा म्हणतो मी मेंढ्यांसाठी गेलतो. मेंढ्या पाळायच्याच असत्या तर माझ्या रानात काय जागा कमी हाय का? पयल्या दिवशी त्याच्या घरी मनकर्णेला पंपाचा पाना मागायला गेलतो. टीव्ही चालू व्हता, बसलो. मग रोज जाया लागलो. त्याच्या घरात बसायला मला काय तरी कारण पायजे व्हतं, ते मिळालं. ह्यानं मेंढ्या विकल्या तवा मला वाटलं, आता मला हितं यायला काहीच उरलं न्हाई, म्हणून डोकं फिरलं अन् ठाण्यात गेलो. लई चुकलं माझं. पण मी शिवाला हे कसं सांगू? काल जाऊन बसलो तर दोघांच्या बी तोंडातनं शब्द फुटंना. नुसतं बसून बोलायचं आमाला जमत न्हाई. मेंढ्या आसत्या तर एकानं पाणी पाजलं आसतं, एकानं वैरण टाकली आसती, बोलावं बी लागलं नसतं. तवा पावती घिऊन लवकर ये.